सतरा नंबरचा चिमटा

गुडघा नवऱ्याचा गेला आणि सायकलवर मी बसले, एवढीच या सफरीची हकीकत. चौदा दिवस, बाराशे किलोमीटर, सायकलवर सगळी मिळून बावीस माणसं. सामान आणि स्वयंपाक वाहायला एक ट्रक, मागे पडलेल्यांना गोळा करायला एक गाडी. नावं नोंदवली होती ती नवऱ्याने, त्याचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं. निघायला पाच आठवडे असताना डॉक्टरांनी त्याचा गुडघा दाबून बघितला आणि नकारार्थी मान हलवली. "म्हणजे जागा फुकट जाणार की!" असं मी आपलं बोलून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी कामावरून घरी येऊन बघते, तर त्याच्या सायकलची सीट माझ्या उंचीला खाली घेतलेली.

तशी मी सायकलला नवखी नाही. सत्तावीस वर्षं कामावर सायकलनेच जाते. पण जायचे तीन किलोमीटर आणि यायचे तीन. त्यात भाजी घ्यायला थांबणंही येतं.

आज अकरावा दिवस होता आणि सगळ्यात लांबचा, एकशे अठरा किलोमीटरचा. पहाटे तंबूत उठून बसले तेव्हा अंगातला कुठला भाग दुखत नाही ते शोधायला लागलं. कानाच्या पाळ्या तेवढ्या बऱ्या होत्या. शेजारच्या अंथरुणाची घडी होऊन पिशवीत गेलेली, म्हणजे वन्सं उठून, आवरून, बाहेर पायाचे व्यायाम करत असणार. वन्सं एकसष्ट वर्षांच्या. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झाल्या तरी चालतात अजून शिट्टी तोंडात असल्यासारख्या. ही त्यांची सातवी सफर. सातांपैकी एकाही सफरीत त्या एकदाही मागच्या गाडीत बसलेल्या नाहीत, आणि हे त्यांनी स्वतः कधी कुणाला सांगितलेलं नाही. त्याची गरजच नाही, बाकीचे एकवीस जण सांगतात.

"वन्सं, रात्री झोप लागली का नीट?" मी बाहेर येऊन विचारलं.

"लागली की. तुझं घोरणं थांबल्यावर."

त्यांचा चेहरा मला जरा पिवळट वाटला. पण तंबूच्या पिवळ्या कापडाशेजारी सगळेच पिवळे दिसतात. मी म्हटलं, "त्या अंड्याचा वास येत होता काल, मी खाल्लं नाही. तुम्ही खाल्लंत?" त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. एकतीस वर्षांत मला एवढं कळलंय, की या बाईला दुसऱ्यांदा विचारलं तर ती पहिल्यांदाही सांगितलं नसतं असं तोंड करते.

आता आमच्या दोऱ्यांबद्दल सांगायला हवं. स्वयंपाकाच्या ट्रकच्या बाजूला तीन दोऱ्या ताणलेल्या असतात. वरची 'रस्ता', मधली 'आले', खालची 'गाडी'. प्रत्येकाच्या नंबरचा एकेक कपड्यांचा चिमटा. सकाळी सगळे चिमटे वरच्या दोरीवर असतात. जेवणाच्या थांब्यावर पोचलं की आपला चिमटा आपण मधल्या दोरीला लावायचा. जो वाटेत गाडीत चढला, त्याचा खालच्या दोरीला. मधल्या दोरीवर बावीस चिमटे दिसले की कप्तान, म्हणजे आमची सफर चालवणारा आणि ती मागची गाडी हाकणारा, मोकळा होतो आणि पुढच्या रस्त्याची पाहणी करायला निघतो. साधी पद्धत. तिच्यात चूक व्हायला तशी जागाच नाही, चूक करायचीच तर आमच्यासारखं घर पाहिजे.

वन्सं रोज पहिल्या पाचांत पोचतात, जेवतात आणि मी यायच्या आत पुढे निघूनही जातात. आणि रोज चिमटा लावायला विसरतात. विसरतात म्हणजे, त्यांना त्या चिमट्याचा रागच आहे. 'शाळेत मी पोरांची हजेरी घेतली, आता माझी घेतात,' म्हणतात. पहिले दोन दिवस कप्तान ओरडला. तिसऱ्या दिवसापासून मी पोचले की अठराचा, म्हणजे माझा चिमटा मधल्या दोरीला लावायचा आणि लगेच सतराचाही लावायचा, असं सुरू झालं. कुणी सांगितलं नव्हतं. घरात आठ जणांचे टॉवेल उचलायची सवय असलेल्या हाताला दोन चिमटे म्हणजे काहीच नाही.

सकाळचे तीस किलोमीटर ठीक गेले. मग वारा फिरला आणि समोरून यायला लागला. गरम, कोरडा, तोंडावर कुणी इस्त्री धरल्यासारखा. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, झाड म्हणाल तर शपथेला नाही. अशा वाऱ्यात माणूस डोकं वर करत नाही. पुढच्या चाकाच्या पुढचं हातभर डांबर बघायचं आणि पाय फिरवायचे. मी मनातल्या मनात नवऱ्याशी भांडत होते. त्याच्या गुडघ्याला, त्याच्या डॉक्टरला, त्या सीटला, सगळ्यांना नावं ठेवून झाली. शेवटी भांडायलाही जीव उरला नाही. मागे कप्तानची गाडी गुरगुरत होती, म्हणजे आजही शेवटची मीच होते. एक बंद पडलेला वजनकाटा गेला, ट्रक तोलायचा, शेजारी पत्र्याची केबिन. तो मी पाहिला तो एवढ्यासाठी, की तिथे सावली होती आणि मला उतरावंसं वाटलं होतं. उतरले असते तर पुन्हा चढले नसते.

बासष्टाव्या किलोमीटरला ट्रक दिसला. साडेबारा होऊन गेले होते. सायकल आडवी टाकली, अठराचा चिमटा काढून मधल्या दोरीला लावला, सतराचा काढून त्याच्या शेजारी लावला, आणि ट्रकच्या सावलीत बसून भात आणि बटाटे खाल्ले. चव कळली नाही. कप्तानने दोरीकडे बघून बोटाने बावीस मोजले, उभ्याउभ्याच दोन केळी खाल्ली आणि म्हणाला, "पुढे पुलाचं काम चाललंय म्हणतात, बघून येतो. फोन लागणार नाही मधे." गाडी निघून गेली. बाकीचेही एकेक करत निघाले. मी पाठ टेकली आणि अर्धा तास मेल्यासारखी पडून राहिले.

उठले तेव्हा आचारी पातेली ट्रकमधे चढवत होता. आमच्याकडे प्रत्येकाचं ताट नंबराचं, ज्याचं त्याने धुवायचं. मी माझं धुतलं आणि मांडणीत ठेवायला गेले. एकवीस ताटं ओली, त्यांच्याखाली पाण्याची थेंबथेंब रांग. सतरा नंबरचं ताट कोरडं होतं. बोट फिरवलं तर वर रस्त्याची धूळ.

"वन्सं जेवल्या नाहीत?" मी विचारलं.

"सतरा नंबर?" आचारी म्हणाला. "आल्याच नाहीत त्या. म्हणजे चिमटा होता, तेव्हा मला वाटलं पोट बिघडलंय म्हणून न जेवताच पुढे गेल्या. का हो?"

मी दोरीकडे बघितलं. मी लावलेला चिमटा तिथे होता, माझ्या चिमट्याला चिकटून.

मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी तिला मी एकच गोष्ट ओरडून शिकवते: नळी हातात आल्याशिवाय चिठ्ठी चिकटवायची नाही. आधी चिठ्ठ्या लावून ठेवल्या की काम भराभर होतं, आणि एक दिवस रिकाम्या नळीवर कुणाचं तरी नाव लागतं. सत्तावीस वर्षांत माझ्या हातून हे एकदाही झालं नाही. आणि इथे मी नऊ दिवस, माणूस बघितल्याशिवाय, चिठ्ठी लावत होते.

मी सगळं सांगून टाकलं. आचाऱ्याने कपाळाला हात लावला नाही की मला बोलला नाही, हातातलं पातेलं खाली ठेवलं फक्त. "कप्तान यायला तासभर तरी लागेल," तो म्हणाला. "मी ट्रक वळवतो. मागे बघून येऊ."

आणि इथे मला लाज वाटते ते सांगते. ट्रकच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता मी थांबले. दिवसाच्या मधे कुठल्याही गाडीत बसलं की खालची दोरी. नियम म्हणजे नियम, ट्रक काय आणि गाडी काय. अकरा दिवस मी एक हातभर रस्तासुद्धा सोडला नव्हता. सत्तावन्न वर्षांची, सहा किलोमीटरची बाई, रोज शेवटची, पण रोज पोचलेली. घरी नवरा रोज संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न विचारायचा, "आज पण पूर्ण?" आणि मी "पूर्ण" म्हणताना माझ्या आवाजात जो तोरा यायचा तो मलाच ऐकू यायचा. आयुष्यात स्वतःसाठी म्हणून केलेलं दुसरं काही मला आठवेना. 'तुम्ही जाऊन या, मी इथे थांबते, त्या मागून आल्या तर चुकामूक नको,' हे वाक्य अगदी ओठावर आलं होतं. बिनचूक वाक्य होतं. कुणालाही पटलं असतं.

"बसताय ना?" आचाऱ्याने इंजिन चालू केलं.

मी बसले. चिमट्याचं माझं मी बघेन, म्हटलं. आधी ती बाई सापडू दे.

ट्रक मागे निघाला. मघाशी मी घासत घासत काटलेला रस्ता आता खिडकीतून भराभर सरकत होता आणि मला त्याचाच राग येत होता. दोन्ही बाजूंना मी डोळे फाडून बघत होते. मोरी आली की आचारी ट्रक हळू करायचा, मी वाकून बघायचे. कुठे काही नाही. डोक्यात नको नको ते यायला लागलं. एखादा ट्रक. एखादा खड्डा. नवऱ्याला काय सांगू? तुझी बहीण उन्हात पडली होती तेव्हा मी तिचा चिमटा लावून भात खात होते?

सतरा किलोमीटर मागे तो वजनकाटा आला. "इथे सावली आहे," मी म्हटलं, "थांबवा." केबिनचं दार लोटलेलं होतं. आत सायकल भिंतीला टेकवलेली, मुद्दाम दारातून दिसू नये अशी. आणि जमिनीवर वन्सं, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून.

"वन्सं!"

डोळे उघडले. माझ्या जिवात जीव आला. ओठ पांढरे, कोपऱ्यात ओकारीचा वास. आचाऱ्याने पळत जाऊन पाणी आणलं, त्यात मीठ-साखर घातली. मी ओला पंचा मानेवर ठेवला. चार घोट पोटात गेले आणि टिकले. पाण्याची बाटली सकाळीच संपली होती त्यांची, दुसरी ओकारीनंतर चूळ भरण्यात गेली होती.

"वाटलं दहा मिनिटं पडावं," त्या म्हणाल्या. "मग उठताच येईना."

"पण तुमचा चिमटा तर लागला होता!" आचारी म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं बिचाऱ्याच्या. "म्हणून तर कप्तान पुढे गेला. नाहीतर तासापूर्वीच मागे वळला असता तो."

वन्संनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तपासणीचा निकाल काय येणार हे आधीच माहीत असतं तेव्हा पेशंट जसे बघतात तसं.

"मी लावला," मी म्हटलं. "रोज मीच लावते. तुम्ही विसरता म्हणून. मला वाटलं तुम्ही नेहमीसारख्या..."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

आचारी "ट्रकमधे बर्फ आहे का बघतो" म्हणून बाहेर गेला. बर्फ नव्हता हे त्यालाही ठाऊक होतं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"तू पुढे गेलीस ते मी बघितलं," वन्सं म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण शिट्टी होतीच त्यात. "या फटीतून. हाक मारली असती तर थांबली असतीस. पण थांबली असतीस तर माझं सगळं करत बसली असतीस. तोंड पुसलं असतंस, सायकल उचलली असतीस, कप्तानला बोलावून माझ्या वतीने सगळं सांगितलं असतंस. म्हणून नाही मारली हाक. गाडी पण जाऊ दिली. म्हटलं, मरू दे, जरा पडते, माझी मी उठते."

"उन्हात जीव गेला असता, वन्सं!"

"तुझ्या चिमट्याने गेला असता."

मी पंचा पुन्हा ओला केला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः मानेवर ठेवला.

"एकतीस वर्षं बघतेय," त्या म्हणाल्या. "बाहेरून जेवून आले तरी माझं ताट वाढून झाकून ठेवतेस, आणि मग 'वन्सं जेवल्या नाहीत' म्हणून घरभर करतेस. आई गेली तेव्हा मला यायला दोन दिवस लागले. आले तर तिचं कपाट रिकामं. साड्या वाटलेल्या, चष्मा कुणाला तरी दिलेला, फळ्या पुसून लख्ख. काय म्हणालीस तेव्हा, आठवतंय?"

आठवत होतं. 'तुम्हाला त्रास नको म्हणून उरकून टाकलं.' त्या आठवड्यात मी तीन रात्री झोपले नव्हते आणि कुणीतरी शाबासकी देईल असं मला वाटत होतं. वन्सं त्या वेळी रिकाम्या कपाटाचं दार लावून चहा प्यायला बसल्या होत्या, आणि मी त्याला समाधान समजले.

"मला वाटलं ओझं हलकं होईल तुमचं," मी म्हटलं.

"ओझं होतं. पण माझं होतं ना ते?"

मला रडू आलं. अंगात पाणी नव्हतं तरी कुठून आलं कोण जाणे. चूक कळली म्हणून आलं, आणि मी इतकं केलं त्याचं हे फळ म्हणूनही आलं, दोन्ही खरं. थकलेल्या माणसाला खोटं रडायलाही ताकद लागते, तेवढी माझ्यात नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "चिमट्याचंही आणि कपाटाचंही."

वन्संनी मान हलवली. त्याचा अर्थ मला लागला नाही. मग त्यांनी भिंतीला हात लावून उठायचा प्रयत्न केला.

"सायकल दे इकडे. मी चालवत येते. ट्रक मागे राहू दे पाहिजे तर."

आचारी दारात येऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, की आता तुम्हीच समजवा. माझे हात पुढे झालेच होते. काखेत हात घालायचा, उचलायचं, ट्रकमधे बसवायचं, सायकल वर टाकायची, दोन मिनिटांचं काम. वन्सं ओरडल्या असत्या, पण सुरक्षित पोचल्या असत्या. आणि खरं सांगते, त्या चक्कर येऊन पडत्या तर मी ते केलंच असतं, कुणाच्या बापाला विचारलं नसतं.

पण त्या शुद्धीवर होत्या. मी हात मागे घेतले आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"मी ट्रकमधे बसून आलेय," मी म्हटलं. "माझी आज खालची दोरी झाली. तुमचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी इथे बसलेय. पाणी आहे, सावली आहे. अंधार पडेपर्यंत बसू."

"तू बसलीस ट्रकमधे?" त्यांनी वळून बघितलं. "अकरा दिवसांनी?"

"हो."

वाऱ्याने पत्रा वाजत होता. आचाऱ्याने दाराबाहेर उकिडवं बसून विडी पेटवली आणि विझवली. मला 'चला ना वन्सं' म्हणायचं होतं, दहा वेळा म्हणायचं होतं. त्यांचा चेहरा पुसायचा होता, नाडी बघायची होती, नवऱ्याला कळवायचं होतं. काहीच न करता नुसतं बसणं हे त्या दिवशीच्या बासष्ट किलोमीटरपेक्षा जड गेलं. गंमत नाही करत मी.

मग कितीतरी वेळाने वन्संनी पाय पुढे पसरले, वाकायला गेल्या आणि अर्ध्यातच कळवळून मागे टेकल्या. पोटरीत गोळा आला होता. पायात ते सायकलचे कडक तळाचे बूट. ते घालून पेडल मारता येतं, दुसरं काही नाही. चालतानासुद्धा माणूस घसरतो.

"वहिनी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बूट काढ माझे. मला वाकता येत नाही."

आचाऱ्याने दारातून बघितलं आणि सायकल उचलायला आत आला. वन्संनी त्याला अडवलं नाही.

मी गुडघ्यांवर त्यांच्या पायांशी सरकले. एकतीस वर्षांत त्यांनी तोंडाने मागितलेलं हे माझ्याकडचं पहिलं काम होतं. आणि अकरा दिवस हँडल धरून माझी बोटं बधिर झालेली, नाडीची गाठ घामाने आणि धुळीने दगड झालेली. नखं लावली, दात लावायचे तेवढे राहिले. गाठ काही केल्या सुटेना.

"होत नाहीये," मी म्हटलं. मला पुन्हा रडू यायला लागलं.

"होईल," वन्सं म्हणाल्या. "मी काही कुठे जात नाही. कर सावकाश."